धक्काशोषक व स्ट्रट (मोटारगाडी)

धक्काशोषक (प्रचलित नावे: शॉक ॲब्सॉर्बर, शॉकॲब, शॉकअप) हा मोटारगाडीच्या सस्पेन्शनमधील एक द्रवचालित घटक आहे. रस्त्यावरील उंचवट्यामुळे किंवा खड्ड्यामुळे स्प्रिंगमध्ये निर्माण होणारी आंदोलने शमविणे हे त्याचे मुख्य कार्य होय. या क्रियेला अवमंदन असे म्हणतात. ज्या रचनेत धक्काशोषक हा सस्पेन्शनचा भार पेलणारा सांगाड्याचा भागही असतो, तिला स्ट्रट म्हणतात. हे दोन्ही घटक कालांतराने झिजतात व बदलावे लागतात. झीज हळूहळू होत असल्याने ती चालकाच्या सहसा लक्षात येत नाही; मात्र तिचा परिणाम ब्रेक लागण्याचे अंतर, वळणावरील स्थैर्य आणि टायरचे आयुष्य या तिन्हींवर होतो. प्रस्तुत लेखात या घटकांची रचना, सुट्या भागांची निवड आणि ते बसविण्याची पद्धत यांची माहिती दिली आहे.

इतिहास

घोडागाड्यांमध्ये व सुरुवातीच्या मोटारगाड्यांमध्ये पाट्यांच्या स्प्रिंगा वापरल्या जात. पाटे एकमेकांवर घासत असल्याने त्यांच्यातील घर्षणानेच काही प्रमाणात अवमंदन होई. गाड्यांचा वेग वाढल्यावर हे घर्षण अपुरे पडू लागले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्समध्ये त्रुफो यांनी चकत्यांच्या घर्षणावर चालणारे धक्काशोषक तयार केले आणि एडवर्ड हार्टफर्ड यांनी त्यांचा अमेरिकेत प्रसार केला. त्याच काळात फ्रान्समधील मॉरिस हुदाय यांनी तेलावर चालणारे फिरत्या पात्यांचे धक्काशोषक बनविले. पुढे एकमेकांत सरकणाऱ्या नळ्यांचे दुर्बिणीसारखे धक्काशोषक सर्वत्र रूढ झाले.

आजच्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना असलेला स्ट्रट अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन (१८९१–१९६०) यांच्या नावाने ओळखला जातो. जनरल मोटर्समध्ये शेव्हरोले कॅडेट या छोट्या गाडीच्या प्रकल्पावर काम करताना त्यांनी ही रचना विकसित केली. तो प्रकल्प १९४७ मध्ये रद्द झाला आणि मॅकफर्सन फोर्ड कंपनीत गेले. १९५० साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या फोर्ड कॉन्सल व झेफर या गाड्यांमुळे ही रचना प्रसिद्धीस आली. कमी भाग, कमी खर्च आणि आडव्या बसविलेल्या इंजिनासाठी मिळणारी मोकळी जागा या गुणांमुळे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी ती विशेष सोयीची ठरली. भारतात १९८३ साली आलेल्या मारुती ८०० या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट होते.

भारतात धक्काशोषकांचे उत्पादन करणाऱ्या जुन्या कंपन्यांपैकी गॅब्रिएल इंडिया ही १९६१ साली स्थापन झाली. तिचा पहिला कारखाना मुंबईतील मुलुंड येथे होता. पुढे चाकण व नाशिक येथेही तिचे कारखाने सुरू झाले.

कार्यतत्त्व

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, धक्काशोषक नव्हे. स्प्रिंग दाबली गेली की ऊर्जा साठवते व सुटताना ती परत करते. अवमंदन नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ वरखाली होत राहील. धक्काशोषकातील दट्ट्या तेलाने भरलेल्या नळीत सरकतो, तेव्हा तेल लहान छिद्रांतून व झडपांतून जबरदस्तीने ढकलले जाते. या रोधामुळे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते आणि ती उष्णता नळीच्या पृष्ठभागावरून हवेत जाते. खडबडीत रस्त्यावरून आलेल्या गाडीचे धक्काशोषक हाताला गरम लागतात ते यामुळेच.

सस्पेन्शनमध्ये दोन वेगवेगळी आंदोलने शमवावी लागतात. गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा वरखाली होतो, तर चाक व त्यासोबतचे भाग सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा. पहिल्या आंदोलनाचा संबंध प्रवाशांच्या सुखाशी, तर दुसऱ्याचा टायर रस्त्याला चिकटून राहण्याशी आहे.

उदाहरणादाखल, एका चाकावर २५० किलोग्रॅम वस्तुमान व स्प्रिंगची ताठरता प्रतिमिलिमीटर २० न्यूटन धरल्यास सांगाड्याची नैसर्गिक वारंवारता सुमारे १.४ हर्ट्झ येते. आंदोलन एकदाही न होता सांगाडा मूळ जागी यावा यासाठी लागणारे क्रांतिक अवमंदन सुमारे ४,५०० न्यूटन-सेकंद प्रतिमीटर इतके निघते. एवढे अवमंदन ठेवल्यास गाडी अतिशय कडक वाटेल. त्यामुळे याच्या सुमारे ३० टक्के, म्हणजे अंदाजे १,३५० न्यूटन-सेकंद प्रतिमीटर इतके अवमंदन साध्या गाडीसाठी पुरेसे ठरते. बहुतेक धक्काशोषकांत दाबले जाताना रोध कमी आणि ताणले जाताना जास्त ठेवलेला असतो. त्यामुळे उंचवट्यावर चाक सहज वर जाते, पण स्प्रिंग सुटताना सांगाड्याला उसळी देत नाही.

प्रकार

दुहेरी नळीचा धक्काशोषक: यात आतील नळीत दट्ट्या सरकतो व बाहेरील नळी तेलाच्या साठ्याचे काम करते. आतील नळीच्या तळाशी दुसरी झडप असते. हा प्रकार स्वस्त असून बाहेरील नळीला किरकोळ पोचा आला तरी चालू राहतो. तो उलटा बसविता येत नाही.

वायुभारित दुहेरी नळी: साठ्याच्या नळीत कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला असतो. तेल वेगाने घुसळले गेल्यास त्यात फेस होतो व अवमंदन घटते. वायूच्या दाबामुळे फेस होण्याचे प्रमाण कमी होते.

एकेरी नळीचा धक्काशोषक: यात एकाच नळीत तेल व उच्च दाबाचा नायट्रोजन असून त्यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या असतो. फ्रान्समधील द कार्बों यांनी विकसित केलेला हा प्रकार जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने १९५० च्या दशकात व्यावसायिक उत्पादनात आणला. उष्णता थेट बाहेरील भिंतीतून जात असल्याने तो दीर्घकाळ खडबडीत रस्त्यावरही स्थिर राहतो. त्याची किंमत जास्त असते आणि नळीला पोचा आल्यास दट्ट्या अडकतो.

मॅकफर्सन स्ट्रट: यात धक्काशोषकाच्या नळीवरच स्प्रिंगची बैठक जोडलेली असते. खालचे टोक चाकाच्या नकलला घट्ट जोडलेले, तर वरचे टोक रबरी माउंट व बेअरिंगमार्फत सांगाड्याला बसविलेले असते. स्टिअरिंग फिरविल्यावर संपूर्ण स्ट्रट स्वतःभोवती फिरतो. आडवे बलही त्याला सोसावे लागत असल्याने त्याचा पिस्टन दांडा साध्या धक्काशोषकापेक्षा जाड असतो.

भारतातील अनेक छोट्या गाड्यांत, उदाहरणार्थ मारुती सुझुकी स्विफ्टमध्ये, पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीमवर वेगळी स्प्रिंग व वेगळा धक्काशोषक अशी रचना असते. पुढील व मागील भाग बदलण्याच्या पद्धती वेगळ्या असण्याचे कारण हेच.

झीज व तिची लक्षणे

झडपांच्या पातळ चकत्या, तेलाचा चिकटपणा, दट्ट्यावरील कडी आणि दांड्याभोवतीचे सील यांची झीज सतत होत असते. धूळरोधक रबरी आवरण फाटल्यास माती व पाणी दांड्यावर बसते आणि सील कापले जाते. पावसाळ्यात पाण्याने भरलेले खड्डे दिसत नाहीत; त्यांत वेगाने आदळल्याने दांडा वाकणे किंवा वरचे माउंट फाटणे हेही घडते. साधारण ८०,००० किलोमीटरनंतर तपासणी करून बदलण्याचा विचार करावा असा सर्वसाधारण संकेत आहे. खराब रस्ते व सततचा जादा भार असल्यास ही वेळ बरीच आधी येते. नेहमीची लक्षणे पुढीलप्रमाणे:

• नळीवरून तेल ओघळणे. सीलजवळ तेलाचा पातळ ओलसर थर असणे सामान्य आहे. नळीच्या खालच्या अर्ध्या भागापर्यंत ओघळ आल्यास गळती समजावी.
• ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक नेहमीपेक्षा जास्त झुकणे, वळणावर गाडी एका बाजूला कलणे.
• उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा हेलकावणे.
• टायरच्या परिघावर ठराविक अंतराने वाटीसारखे खळगे पडणे. चाक रस्त्यावर उड्या मारत असल्याचा हा पुरावा होय.
• लहान खड्ड्यांतून जाताना ठकठक आवाज येणे. हा आवाज पुष्कळदा स्टॅबिलायझर लिंक, बुश किंवा वरच्या माउंटचाही असतो.
• स्टिअरिंग फिरविताना स्प्रिंग कटकन सरकल्याचा आवाज येणे. हे वरच्या बेअरिंगच्या झिजेचे लक्षण आहे.

गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडण्याची चाचणी सर्वपरिचित आहे. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली नाही तर धक्काशोषक निकामी आहे असे समजतात. ही चाचणी पूर्ण निकामी झालेला धक्काशोषक ओळखते. अर्धवट झिजलेला तिच्यात उत्तीर्ण होतो, कारण हाताने दिलेली गती रस्त्यावरील गतीपेक्षा फार कमी असते. म्हणून ती एकटी पुरेशी मानली जात नाही.

झिजलेल्या धक्काशोषकामुळे टायरवरील भार सतत कमीजास्त होतो. भार कमी झालेल्या क्षणी टायरची पकडही कमी होते, आणि खडबडीत रस्त्यावर ब्रेक लावल्यास गाडी थांबण्याचे अंतर वाढते. अँटिलॉक ब्रेक प्रणाली असली तरी हा दोष नाहीसा होत नाही, कारण रस्त्यावरून उचललेल्या चाकाला ब्रेक लावून गाडी थांबत नाही.

सुट्या भागांची निवड

गाडीनुसार जुळणी: केवळ मॉडेलचे नाव पुरेसे नसते. उत्पादनाचे वर्ष, इंजिनाचा प्रकार आणि आवृत्ती यांनुसार भाग क्रमांक बदलतो. डिझेल इंजिन सामान्यतः जड असल्याने त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा पुढची स्प्रिंग व धक्काशोषक वेगळे असू शकतात. चॅसिस क्रमांकावरून भाग क्रमांक पडताळणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. पुढील स्ट्रट डावा व उजवा असा वेगवेगळा असतो, कारण ब्रेकचा होज व तारा अडकविण्याचे कंस त्यावर एका विशिष्ट बाजूस असतात.

जोडीने बदल: एका ॲक्सलवरील दोन्ही धक्काशोषक एकाच वेळी बदलावेत. एक नवा व एक जुना असल्यास दोन बाजूंचे अवमंदन असमान होते आणि जोरात ब्रेक लावताना किंवा वळणावर गाडी एका बाजूला ओढली जाऊ शकते.

मूळ दर्जा की अधिक कडक: रोजच्या वापरासाठी मूळ दर्जाचे भाग सर्वाधिक योग्य ठरतात. स्प्रिंग तीच ठेवून फार कडक धक्काशोषक बसविल्यास चाक लहान खड्ड्यांना प्रतिसाद देत नाही व प्रवास त्रासदायक होतो. सतत भार वाहणाऱ्या किंवा घाटरस्त्यांवर चालणाऱ्या गाडीसाठी वायुभारित प्रकार उपयुक्त असतो. गाडीची उंची कमी करणाऱ्या आखूड स्प्रिंगांना आखूड धक्काशोषकच लागतो, अन्यथा दट्ट्या तळाशी आदळत राहतो.

सोबत बदलायचे भाग: स्ट्रट एकदा सोडविल्यावर वरचे माउंट, बेअरिंग, बम्प स्टॉप व धूळरोधक आवरण बदलणे श्रेयस्कर असते. या भागांची किंमत तुलनेने कमी असते, पण नंतर ते बदलायचे झाल्यास तेवढीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. स्प्रिंग तुटलेली, गंजलेली किंवा खचलेली नसल्यास तीच वापरता येते. स्प्रिंग व माउंटसह तयार जोडलेले स्ट्रटही काही बाजारांत मिळतात. ते महाग असले तरी स्प्रिंग दाबण्याचे धोकादायक काम टळते.

दुरुस्त केलेले भाग: नळी कापून, तेल भरून व पुन्हा वेल्डिंग करून विकले जाणारे धक्काशोषक स्वस्त मिळतात. त्यांत झडपांची झीज तशीच राहते, वायूचा मूळ दाब पुन्हा मिळत नाही आणि वेल्डिंगच्या उष्णतेने सील खराब होऊ शकते. भार पेलणाऱ्या स्ट्रटच्या बाबतीत असा जोड तुटणे प्राणघातक ठरू शकते.

रबरी बफर: गाडीची उंची वाढविण्यासाठी स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी किंवा पॉलियुरेथेनचे बफर बसविण्याची पद्धत भारतात बरीच रूढ आहे. बफरमुळे काही वेढे काम करेनासे होऊन स्प्रिंग अधिक ताठर बनते. मूळ धक्काशोषक त्या ताठरतेसाठी बनविलेला नसल्याने त्याच्यावरील व माउंटवरील ताण वाढतो. गळणाऱ्या धक्काशोषकावर बफर हा उपाय नव्हे.

बसविण्याची पद्धत

पूर्वतयारी: गाडी सपाट व टणक जागेवर उभी करून हँडब्रेक लावतात आणि न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अटकाव लावतात. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करतात. गाडी उत्पादकाने दाखविलेल्या जागी जॅकने उचलून जॅक स्टँडवर ठेवतात. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली काम करू नये. विटा किंवा दगड यांचा आधारही घेऊ नये. वीट भाराखाली कोणतीही पूर्वसूचना न देता फुटते.

पुढील स्ट्रट:

१. चाक काढून ब्रेकचा होज, चाकाच्या गतिमापकाची तार व स्टॅबिलायझर लिंक स्ट्रटपासून सोडवितात.
२. स्ट्रट व नकल यांच्या जोडावर खूण करतात, म्हणजे पुन्हा बसविताना चाकाचा कल जवळपास पूर्वीसारखा राहतो.
३. लोअर आर्मखाली जॅक लावून नकलला आधार देतात. आधार नसल्यास नकल बाहेर झुकून ब्रेकच्या होजवर ताण येतो व ड्राइव्ह शाफ्टचा जोड निसटू शकतो.
४. नकलचे बोल्ट काढतात. काही बोल्टांच्या मानेवर दाते असतात. असे बोल्ट न फिरविता केवळ नट फिरवावा.
५. स्ट्रट हाताने धरून वरच्या माउंटचे बाहेरील नट काढतात व संपूर्ण स्ट्रट खाली घेतात. या टप्प्यावर मधला नट कोणत्याही परिस्थितीत सोडवायचा नसतो.
६. स्प्रिंग दाबण्याच्या साधनाचे दोन आकडे समोरासमोर बसवून ते आळीपाळीने थोडे थोडे आवळतात. स्प्रिंग बैठकीवरून सैल झाल्याची खात्री झाल्यावरच मधला नट काढतात.
७. माउंट, बेअरिंग, स्प्रिंग व आवरण यांचा क्रम लक्षात ठेवून ते नव्या स्ट्रटवर त्याच क्रमाने चढवितात. स्प्रिंगचे टोक बैठकीतील खाचेला टेकलेले असावे.
८. मधला नट ठरलेल्या टॉर्कला आवळल्यानंतरच स्प्रिंगवरील दाब हळूहळू सोडतात.
९. स्ट्रट गाडीत बसवून सर्व जोड, होज व तारा पूर्ववत करतात. स्वयंरोधक नट नवे वापरावेत.

दुहेरी नळीचा धक्काशोषक आडवा साठविला गेल्यास आतील नळीत हवा शिरते. म्हणून बसविण्यापूर्वी तो उभा धरून पूर्ण लांबीपर्यंत चार-पाच वेळा सावकाश दाबतात व ताणतात. दांडा फिरू नये म्हणून तो पक्कडीने धरणे ही नेहमी घडणारी चूक आहे. चकचकीत पृष्ठभागावर पडलेला ओरखडा प्रत्येक हालचालीत सील कापतो आणि नवा धक्काशोषक अल्पावधीत गळू लागतो. दांड्याच्या वरच्या टोकाला षट्‌कोनी खाच किंवा चपटी बाजू दिलेली असते. तिथेच पाना लावावा.

मागील धक्काशोषक: टॉर्शन बीम असलेल्या गाड्यांत धक्काशोषक हा बीम खाली जाण्याची मर्यादाही ठरवितो. म्हणून खालचा बोल्ट काढण्यापूर्वी बीमखाली जॅक लावणे आवश्यक असते. अन्यथा बीम एकदम खाली येतो, स्प्रिंग निसटते व ब्रेकचा होज ताणला जातो. एका बाजूचे काम पूर्ण करूनच दुसऱ्या बाजूस हात लावतात. रबरी बुश असलेले बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर शेवटचे आवळतात. चाके लोंबत असताना ते आवळल्यास बुश पिळलेल्या अवस्थेत अडकून लवकर फाटते.

अंतिम तपासणी: स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज व तारा कुठे घासत नाहीत ना हे पाहतात. पुढील स्ट्रट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेणे गरजेचे असते, कारण चाकाचा कल थोडा बदलला तरी चाकांची समांतरताही बदलते व टायर एका कडेने झिजतात.

सुरक्षितता

या कामातील सर्वांत मोठा धोका दाबलेल्या स्प्रिंगचा आहे. वर दिलेल्या उदाहरणातील स्प्रिंग १५० मिलिमीटर दाबलेली असताना तिचे बल ३,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोग्रॅम वजनाइतके असते. तिच्यात साठलेली २२५ जूल ऊर्जा ही एक मीटर उंचीवरून पडणाऱ्या २३ किलोग्रॅमच्या वस्तूइतकी भरते, आणि स्प्रिंग निसटल्यास ती क्षणार्धात मुक्त होते. म्हणून दाबलेल्या स्प्रिंगच्या अक्षाच्या रेषेत चेहरा किंवा शरीर ठेवू नये. स्प्रिंग दाबण्याचे साधन हातपान्यानेच आवळावे. हवेवर चालणाऱ्या यंत्राने त्याचे आटे निकामी होऊ शकतात. तारेने किंवा साखळीने बांधून स्प्रिंग सोडविण्याचे प्रकार जीवघेणे आहेत. योग्य साधन उपलब्ध नसल्यास सोडविलेला स्ट्रट कार्यशाळेत नेऊन तेवढेच काम तिथे करवून घेणे हा सुरक्षित पर्याय आहे.

वायुभारित धक्काशोषक भंगारात देण्यापूर्वी कापू किंवा तापवू नयेत. आतील दाबामुळे स्फोट होऊ शकतो. वायू सोडण्याची जागा व पद्धत उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. वापरलेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. भारतात वापरलेल्या तेलाची विल्हेवाट धोकादायक व इतर टाकाऊ पदार्थांच्या व्यवस्थापनासंबंधीच्या २०१६ च्या नियमांच्या कक्षेत येते.

हे सुद्धा पहा

• मोटारगाडी
• स्प्रिंग
• सरल आवर्त गती
• ब्रेक
• टायर